लाल शाईतला यहूदा

१९७७ सालच्या त्या धामधुमीत न्यूयॉर्कमधल्या दोन बायकांच्या हाती एकेक बायबल पडलं. पाठवणारीला धर्मप्रचाराशी काही देणंघेणं नव्हतं. पानं उलटली की लाल शाईने अधोरेखित केलेल्या ओळी दिसत होत्या, आणि त्या सगळ्या यहूदाबद्दलच्या होत्या. चांदीच्या तीस नाण्यांसाठी आपल्या गुरूला धरून देणारा तो यहूदा. बायबल मिळालेल्यांपैकी एक होती मोनिक पिलार, दुसरी जो झगामी. एक मॉडेलांचं बुकिंग सांभाळायची, दुसरी हिशेब. दोघींनी फोर्ड एजन्सीतली नोकरी सोडून नव्याने आलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे बस्तान हलवलं होतं. बायबल पाठवलं होतं त्यांच्या जुन्या मालकिणीने, आयलीन फोर्डने. वय पंचावन्न, आणि मॉडेलिंगच्या धंद्यात तिचा शब्द खाली पडत नसे.

आपल्याकडे या प्रकाराला जुना आणि नेमका शब्द आहे: फितुरी. किल्ला तोफांनी पडत नसला की आतलं कुणीतरी रात्री दिंडी उघडतं. मॉडेल एजन्सीच्या किल्ल्याची दिंडी म्हणजे बुकिंगचा टेलिफोन. कुठली मुलगी कुठल्या दिवशी मोकळी आहे, तिचा तासाचा दर काय, कुठला फोटोग्राफर तिच्यावर खूश आहे आणि कुठल्या संपादिकेला तिचं नाक आवडत नाही, हे सगळं त्या फोनवर बसणाऱ्या बाईला पाठ असतं. ती उठून गेली की मुलींचे निम्मे पत्ते तिच्याबरोबर जातात. आयलीनला हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. तिची स्वतःची एजन्सी अशीच उभी राहिली होती.

मॉडेलांमधलं वैर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वेगळंच चित्र येतं. रॅम्पवर जाण्याआधी कुणीतरी कुणाच्या चपलेची टाच मोडून ठेवलेली, गाऊनची शिवण उसवलेली. अशा गोष्टी सिनेमात छान दिसतात. खरी सूडकथा मात्र कॅमेऱ्यापुढे घडली नाही. ती टेबलामागे, कार्डांच्या गठ्ठ्यात आणि टेलिफोनच्या वायरीत घडली, आणि त्यातल्या बहुतेक बायका कधी ना कधी स्वतः कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिलेल्या होत्या.

आयलीन ऑटेचा जन्म १९२२ चा, न्यूयॉर्कचाच. बर्नार्ड कॉलेजात शिकताना सुट्टीत तिने हॅरी कॉनोव्हरच्या एजन्सीतर्फे थोडंफार मॉडेलिंग केलं. तेव्हा या धंद्यावर पुरुषांचं राज्य होतं. जॉन रॉबर्ट पॉवर्सने १९२३ मध्ये एजन्सी काढली होती आणि पुढे कॉनोव्हर त्याचा स्पर्धक झाला. या एजन्सींमध्ये मुलींना काम मिळे, पण पैसे मिळायला महिनोन्महिने लागत. जाहिरातदाराने बिल चुकवलं तर मुलगी भाडं कशातून भरणार, हा प्रश्न एजन्सीचा नव्हता.

नॅटली निकरसन ही पॉवर्सकडची आघाडीची मॉडेल. या कारभाराला ती वैतागली होती. एजंटाने मॉडेलला नोकर समजावं हे तिला मान्य नव्हतं. मॉडेल कमवते, म्हणजे एजंट हाच मॉडेलचा नोकर, असा तिचा हिशेब. तिने आणि इंगा लिंडग्रेन या स्वीडिश मॉडेलने आयलीनला गाठलं. दोघी दरमहा ६५ डॉलर देणार, आयलीनने त्यांचे फोन घ्यायचे, वेळा लावायच्या, पैशांचा तगादा करायचा. आयलीन तेव्हा गरोदर होती आणि नवरा जेरी नुकताच नौदलातून परतला होता. बसल्या जागी करता येईल असं ते काम होतं. १९४६-४७ मध्ये सुरू झालेली ही चिटणिशी पाहता पाहता एजन्सी झाली. जेरीने मोटार ९०० डॉलरला विकली आणि सेकंड अॅव्हेन्यूवर तिसऱ्या मजल्यावर ऑफिस घेतलं. लिफ्ट नव्हती.

जेरीने व्हाउचरची पद्धत काढली. काम संपलं की मॉडेलने ग्राहकाची सही घेऊन व्हाउचर आणून द्यायचं आणि आठवड्याच्या शेवटी एजन्सीकडून पैसे घ्यायचे. ग्राहकाकडून वसुली नंतर एजन्सी करत बसेल. एवढ्या एका सोयीने पॉवर्स आणि कॉनोव्हरचं कंबरडं मोडलं. चांगल्या मुली एकामागून एक फोर्डच्या जिन्याकडे वळल्या. जीन पॅचेट, डोव्हिमा, कार्मेन डेल’ओरेफिचे. त्या वेळी कुणी आयलीनला बायबल पाठवल्याची नोंद नाही.

ती आईसारखी वागायची असं तिच्या कौतुकात लिहिलं जातं. ते खरं आहे, फक्त आई प्रेमळ तेवढीच जाचक होती. परगावच्या, परदेशच्या कोवळ्या मुली तिच्या स्वतःच्या घरात राहत. जेवणाच्या टेबलावर कसं बसायचं, रात्री किती वाजता घरी यायचं, वजन किती, भुवया कशा, सगळं ती ठरवायची. अंतर्वस्त्रांच्या, घामाच्या वासावरच्या औषधांच्या, बाथटबमधल्या जाहिराती तिच्या मुलींनी करायच्या नाहीत असा दंडक होता. मुली कुणाच्या तर ‘फोर्डच्या’. आणि घर सोडून गेलेल्या मुलीला आई काय म्हणते, हे कुठल्याही गावात विचारावं.

पहिली मोठी फाटाफूट झाली डोरियन लीबरोबर. डोरियनचा जन्म १९१७ चा, टेक्सासमधला. महायुद्धात ती विमानांच्या कारखान्यात अवजारांची ड्रॉइंग काढत होती. १९४४ मध्ये कॉनोव्हरच्या दारात आली तेव्हा सत्तावीस वर्षांची, उंचीने बेताची, म्हणजे मॉडेलच्या हिशेबात दोन्ही बाजूंनी नापास. कॉनोव्हरने तिला सांगितलं, वय एकोणीस सांग. ‘हार्पर्स बझार’मध्ये डायना व्ह्रीलँडने तिच्या वाकड्यातिकड्या भुवया पाहिल्या आणि त्यांना हात लावू नकोस म्हणून बजावलं. पुढच्या काही वर्षांत त्या भुवया अमेरिकेतल्या सगळ्या मोठ्या मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकल्या. १९५२ मध्ये रेव्हलॉनची ‘फायर अँड आइस’ ही लिपस्टिक आणि नेलपॉलिशची जाहिरात गाजली. रिचर्ड अॅव्हेडनने टिपलेल्या त्या छायाचित्रात चमचमत्या रुपेरी पोशाखावर लाल झगा घेतलेली डोरियन आहे. तेव्हा ती पस्तीस वर्षांची होती.

तिच्या आईवडिलांना मॉडेलिंग हे भल्या घरचं काम वाटत नव्हतं, म्हणून तिने पार्कर हे आडनाव गाळून टाकलं होतं. धाकटी बहीण सुझी मैदानात उतरेपर्यंत डोरियनच्या यशाने त्या धंद्यालाच प्रतिष्ठा आली होती. सुझीने आडनाव खुशाल लावलं. थोरलीने झिजून रस्ता करायचा आणि धाकटीने त्यावरून घराण्याचं नाव मिरवत जायचं, हे मराठी घरांना सांगायला नको.

सुझीला आयलीनकडे आणलं ते डोरियननेच. डोरियनने स्वतःची छोटी एजन्सी चालवून बंद केली होती. तिने फोर्डना फोन करून सौदा टाकला: मी येते, पण माझ्या बहिणीलाही न पाहता घ्यायचं. डोरियनसारखीच लहानखुरी, काळ्याभोर केसांची मुलगी येणार अशा समजुतीत फोर्ड दांपत्य हॉटेलात बसलं होतं. दारातून आली तांबड्या केसांची, पाच फूट दहा इंचांची पंधरा वर्षांची पोर. नवरा-बायकोंनी कपाळाला हात लावला. याच पोरीने पुढे वर्षाला एक लाख डॉलर कमावणारी पहिली मॉडेल म्हणून नाव केलं, अॅव्हेडनच्या कॅमेऱ्याची लाडकी झाली आणि १९५७ मध्ये कॅरी ग्रँटची नायिकाही. त्या काळातलं सर्वांत प्रसिद्ध मॉडेल कोण, या प्रश्नाचं उत्तर डोरियन ली असं होतं. ते सुझी पार्कर कधी झालं, हे कदाचित डोरियनलाही नेमकं सांगता आलं नसतं.

पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात डोरियनने पॅरिसमध्ये एजन्सी काढली. फ्रान्समध्ये काम मिळवून देण्याबद्दल पैसे घेणाऱ्या खाजगी संस्थांना तेव्हा कायद्याने बंदी होती. त्या कायद्याशी तिला भांडावं लागलं आणि पॅरिसमधल्या मॉडेल एजन्सीचा रस्ता तिनेच मोकळा केला. फोर्डशी तिचा करार झाला. आयलीनने न्यूयॉर्कच्या मुली तिकडे धाडायच्या, डोरियनने युरोपातल्या मुली हेरून इकडे पाठवायच्या. काही वर्षं दोघींचं छान चाललं. मग पॅरिसमध्ये दुसऱ्याही एजन्सी उभ्या राहिल्या, फोर्ड दांपत्य त्यांच्याशीही व्यवहार करू लागलं, पैशांवरून कुरबुरी वाढल्या आणि साठच्या दशकाच्या मध्यावर दोघींचं बिनसलं. न्यूयॉर्कचा ओघ आटल्यावर डोरियनची एजन्सी सत्तरच्या सुमारास बंद झाली. तिने पॅरिसजवळ फाँतेनब्लोला खानावळ काढली आणि पुढे अमेरिकेत परतून पॅनकेकवर आणि डोनटवर पुस्तकं लिहिली. जिने फ्रान्सला एजन्सी शिकवली तिच्यावर ही वेळ आली. आयलीनला यात लाल शाईची गरज पडली नाही. मुली पाठवणं थांबवलं की पुरे होतं.

विल्हेल्मिनाचा प्रकार निराळा. ती आयलीनच्याच मातीत वाढली आणि आयलीनसमोरच दुकान थाटून बसली.

तिचा जन्म १९३९ चा, हॉलंडमधला. बालपण जर्मनीत गेलं आणि १९५४ मध्ये कुटुंब शिकागोला आलं. तिथे ‘विनी हार्ट’ या अमेरिकन वळणाच्या नावाने तिने कामाला सुरुवात केली. आयलीनकडे आली तेव्हा अंग भरलेलं होतं. वजन उतरव, मग पॅरिसला जा, अशी आज्ञा झाली. तिने वजन उतरवलं, काळी कॉफी आणि सिगारेट यांच्या जोरावर ते उतरलेलंच ठेवलं, आणि नुसतं ‘विल्हेल्मिना’ एवढंच नाव घेऊन परतली. साठच्या दशकात अमेरिकन ‘व्होग’च्या मुखपृष्ठांवर ती इतक्या वेळा आली की तो विक्रम बराच काळ कुणाला मोडता आला नाही.

१९६५ मध्ये तिने टेलिव्हिजनच्या क्षेत्रातल्या ब्रूस कूपरशी लग्न केलं आणि १९६७ मध्ये नवऱ्याच्या साथीने ‘विल्हेल्मिना मॉडेल्स’ काढली. नवरा-बायकोने मिळून चालवलेली एजन्सी, मुलींची आईपणाने काळजी, वेळेवर पैसे. फोर्डचाच साचा. फरक एवढाच की ही मालकीण नुकतीच कॅमेऱ्यापुढून उठून आली होती. उपाशी राहून सहा तास टाचांवर उभं राहणं काय असतं हे तिला वाचून कळलेलं नव्हतं.

आणखी एक फरक होता, आणि माझ्या मते विल्हेल्मिनाचा खरा सूड, जर त्याला सूड म्हणायचं तर, तिथेच उगवला. आयलीनचं सौंदर्याचं माप ठरलेलं होतं: उंच, सोनेरी केसांची, डोळ्यांत पुरेसं अंतर असलेली, बहुधा उत्तर युरोपातली मुलगी. त्या मापाबाहेरच्या मुली विल्हेल्मिनाच्या दारात उभ्या राहिल्या.

नेओमी सिम्स ही त्यातली पहिली. मिसिसिपीत जन्मलेली, रंगाने गडद काळी. न्यूयॉर्कच्या एजन्सी तिला नकार देत होत्या, काहींनी तर कातडीचा रंग जास्तच गडद आहे असं कारण तोंडावर सांगितलं. ती थेट छायाचित्रकारांकडे गेली आणि ऑगस्ट १९६७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या फॅशन पुरवणीच्या मुखपृष्ठावर आली. तरी एजन्सींचे दरवाजे उघडेनात. मग तिने विल्हेल्मिनापुढे एक युक्ती मांडली: मी ही पुरवणी जाहिरात कंपन्यांना पाठवते, त्यावर तुझ्या ऑफिसचा फोन नंबर लावते. कुणी फोन केला तर कमिशन तुझं, नाही केला तर तुझं काही गेलं नाही. फोन आले. वर्षभरात सिम्स आठवड्याला हजार डॉलर कमावू लागली आणि नोव्हेंबर १९६८ मध्ये ‘लेडीज होम जर्नल’च्या मुखपृष्ठावर झळकणारी पहिली कृष्णवर्णीय मॉडेल ठरली.

दुसरी बेव्हर्ली जॉन्सन. बफलोची, कॉलेजात शिकणारी मुलगी. फोर्डने आधी नाकारलं, मग काही दिवसांनी घेतलं. काम भरपूर मिळत होतं. तिने पुढे अनेक मुलाखतींत सांगितलेला किस्सा असा: मला ‘व्होग’चं मुखपृष्ठ हवं आहे असं तिने आयलीनला सांगितलं, तेव्हा आयलीनने विचारलं की तू स्वतःला कोण समजतेस, क्लिओपात्रा? जॉन्सन उठली आणि विल्हेल्मिनाकडे गेली. ऑगस्ट १९७४ चा अमेरिकन ‘व्होग’ बाजारात आला तेव्हा मुखपृष्ठावर फ्रान्सेस्को स्काव्हुलोने टिपलेली बेव्हर्ली जॉन्सन होती. त्या मासिकाच्या मुखपृष्ठावर आलेली पहिली काळी स्त्री. आयलीनने अंक पाहिला असणारच. न्यूयॉर्कमधल्या कुठल्याही एजंटाच्या टेबलावर तो महिन्याच्या सुरुवातीला यायचाच.

विल्हेल्मिनाने दार उघडलं, पण आत खुर्ची एकच ठेवायची ही धंद्याची रीत ती मोडू शकली नाही. १९७५ मध्ये इमान न्यूयॉर्कला आली. छायाचित्रकार पीटर बिअर्डने ती रानात गुरं राखणारी पोर असल्याची कहाणी रचली होती. प्रत्यक्षात ती सोमाली मुत्सद्द्याची मुलगी, नैरोबी विद्यापीठात शिकणारी. आल्या आल्या वृत्तपत्रांनी तिची आणि बेव्हर्ली जॉन्सनची झुंज लावून दिली. इमानने नंतर अनेकदा सांगितलं की तिला आणि जॉन्सनला एकमेकींविरुद्ध उभं केलं गेलं, कारण एका वेळी एकच काळी मॉडेल वर येऊ शकते असं सगळे धरून चालले होते. जणू एकीची खुर्ची रिकामी झाल्याशिवाय दुसरीने बसायचंच नाही.

हाच खेळ सोळा वर्षांनी पुन्हा झाला. १९९१ मध्ये टायरा बँक्स पॅरिसला गेली आणि पहिल्याच हंगामात पंचवीस शो मिळवले. लगेच मथळे आले, ही नवी नेओमी कॅम्पबेल. जुनी नेओमी तेव्हा एकवीस वर्षांची होती. तिला हे ऐकून काय वाटलं असेल याची कल्पना करायला फार बुद्धी लागत नाही. टायराने पुढे त्या काळातल्या वागणुकीचा सल मनात जपून ठेवला आणि २००५ मध्ये स्वतःचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाल्यावर नेओमीला पाहुणी म्हणून बोलावून सगळा हिशेब कॅमेऱ्यापुढे काढला. नेओमीने माफी मागितली, टायरा रडली, प्रेक्षक हेलावले. दोघींना झुंजवणारे संपादक मात्र त्या सोफ्यावर नव्हते.

परत १९७७ कडे येऊ.

जॉन कासाब्लांकास हा न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला, युरोपात वाढलेला श्रीमंत कॅटलन घरातला तरुण. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने पॅरिसमध्ये ‘एलिट’ काढली. पॅरिसवाल्यांनी आणि न्यूयॉर्कवाल्यांनी एकमेकांकडे मुली पाठवायच्या, एकमेकांच्या अंगणात पाय ठेवायचा नाही, असा अलिखित समझोता होता. कासाब्लांकास फोर्डकडे येई, जेवे, गप्पा मारी. १९७७ मध्ये त्याने न्यूयॉर्कमध्ये ऑफिस उघडलं. आल्या आल्या त्याने मॉडेलांना हात घालण्याआधी मॉडेलांचे फोन घेणाऱ्या बाईला हात घातला. मोनिक पिलार फोर्डच्या बुकिंगचा कणा होती. ती गेली आणि पाठोपाठ हिशेबाच्या वह्या तोंडपाठ असलेली झगामी गेली. कासाब्लांकासला किल्ल्याचा नकाशा आणि खजिन्याची किल्ली एकदम मिळाली.

पत्रकारांनी याला ‘मॉडेल वॉर्स’ असं नाव दिलं. फोर्डने दावा ठोकला. विल्हेल्मिनानेही ठोकला. दहा वर्षं एकमेकींच्या मुली पळवणाऱ्या दोघी बायका एकाच शत्रूविरुद्ध कोर्टात गेल्या आणि नुकसानभरपाईचे आकडे लाखो डॉलरांत जाऊन पोहोचले. पण मॉडेल ही काही कुळाच्या बोलीने बांधलेली नव्हती. तिला वाटेल तिथे ती जाऊ शकत होती आणि चांगला दर दिसेल तिथे जात होती. दाव्यांनी मुलींचा ओघ थांबला नाही.

बायबलं त्याच दिवसांतली. त्या कृतीत राग आहेच, पण मला त्यात एक विचित्र कबुलीही दिसते. यहूदा होण्यासाठी आधी शिष्य असावं लागतं. आयलीनने पिलारला स्पर्धक म्हणून मोजलंच नाही, घरातून पळालेली मुलगी म्हणून मोजलं. कासाब्लांकास तर उघडउघड शत्रू होता, पण लाल शाई वाहिली ती बायकांच्या नावाने. पुरुषाने केली ती धंद्यातली चाल आणि बाईने केला तो विश्वासघात, हा भेद आयलीननेही तितक्याच सहजतेने केला, जितका बाहेरच्या जगाने केला असता.

पिलारवर त्या बायबलाचा काही परिणाम झाला असं दिसत नाही. ती एलिटमध्ये वाढत वाढत थेट वरच्या खुर्चीपर्यंत गेली. ऐंशीच्या दशकात ज्यांना ‘सुपरमॉडेल’ म्हणून जग ओळखू लागलं त्यातल्या सिंडी क्रॉफर्ड, लिंडा इव्हँजेलिस्टा, नेओमी कॅम्पबेल या तिच्याच एजन्सीच्या मुली. मॉडेल जॅनिस डिकिन्सनने आत्मचरित्रात लिहिलं आहे की आयलीनने तिला तिच्या रूपावरून झिडकारलं होतं. जॅनिस आधी विल्हेल्मिनाकडे गेली, मग एलिटकडे. फोर्डच्या दारातून परत पाठवलेल्या मुलींची यादी काढली तर तीच एक बरी एजन्सी झाली असती.

मुलींचा हा शोध मग स्पर्धांच्या रूपाने जगभर पसरला. फोर्डने १९८० मध्ये नव्या दशकाचा चेहरा शोधण्याची स्पर्धा सुरू केली, तर एलिटने १९८३ पासून ‘लुक ऑफ द इयर’. पुढे या शर्यतीचं एक टोक मुंबईपर्यंत आलं. उज्ज्वला राऊत ही मराठी मुलगी १९९६ मध्ये ‘फेमिना लुक ऑफ द इयर’ झाली, त्याच वर्षी फ्रान्समध्ये नीस येथे एलिटच्या जागतिक स्पर्धेत पहिल्या पंधरांत आली आणि तिथून मिलान, पॅरिस, न्यूयॉर्कच्या रॅम्पवर पोहोचली. न्यूयॉर्कच्या दोन एजन्सींच्या भांडणातून सुरू झालेल्या चढाओढीने इथल्या मुलीला दार उघडून दिलं, असंही म्हणता येईल.

ही या गोष्टीची उजळ बाजू. दुसरी बाजू सांगायलाच हवी. आयलीन आपल्या कडक शिस्तीचा वापर कासाब्लांकासविरुद्ध हत्यार म्हणून करायची: माझ्याकडे मुली सुरक्षित आहेत, त्याच्याकडे नाहीत. कासाब्लांकासने तिला दारूगोळा पुरवलाही. चाळिशी ओलांडलेल्या त्या गृहस्थाचे, त्याच्याच स्पर्धेत उतरलेल्या सोळा वर्षांच्या स्टेफनी सेमूरशी असलेले संबंध कुणापासून लपलेले नव्हते. पण १९८८ मध्ये सीबीएसच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ने पॅरिसमधल्या एजंटांकडून कोवळ्या अमेरिकन मुलींचं काय होतं यावर कार्यक्रम केला, तेव्हा आरोपांच्या गर्दीत फोर्डबरोबर व्यवहार असलेला ज्याँ-लुक ब्रुनेलही निघाला. आपल्या घरात रात्री दहाला दिवे मालवायला लावणारी बाई मुलींना पॅरिसला ज्यांच्या हवाली करत होती, त्यांच्याबद्दल तिने किती विचारपूस केली होती, हा प्रश्न तिच्या चाहत्यांनाही टाळता आला नाही. मालकिणींच्या भांडणात सगळ्यांत कमी आवाज मुलींचा होता.

विल्हेल्मिनाला या युद्धाचा शेवट पाहायला मिळाला नाही. १ मार्च १९८० रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने तिचा मृत्यू झाला. वय अवघं चाळीस. तिने शेवटच्या काळात हेरलेल्या मुलींत जिया करांजी ही एक होती. जियाच्या आयुष्यावर १९९८ मध्ये चित्रपट निघाला, त्यात अँजेलिना जोलीने जियाची आणि फे डनवेने विल्हेल्मिनाची भूमिका केली. डोरियन ली जुलै २००८ मध्ये गेली. पुढच्याच महिन्यात जेरी फोर्ड गेला. कासाब्लांकास २०१३ मध्ये रिओ दि जानेरोत वारला. आयलीन या सगळ्यांना पुरून उरली आणि जुलै २०१४ मध्ये ब्याण्णवाव्या वर्षी तिने डोळे मिटले.

पण त्याआधी एक गंमत घडली होती. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात काही मॉडेलांनी मिळून दावा लावला. त्यांचं म्हणणं असं की शहरातल्या बड्या एजन्सींनी आपसांत संगनमत करून मॉडेलांच्या कमाईतून कापायच्या कमिशनचा दर ठरवून घेतला आहे, त्यामुळे कुठल्याही दारी गेलं तरी कापणी तेवढीच. प्रतिवादींच्या यादीत फोर्ड होती, एलिट होती, विल्हेल्मिना होती, आणि इतरही होत्या. पंचवीस वर्षांपूर्वी दाव्यांत गुंतलेले तिघे आता एकाच बाकावर, एकाच आरोपाखाली बसले. २००४ मध्ये एलिटच्या न्यूयॉर्कमधल्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. एजन्सींनी आरोप मान्य न करता एकेक करून तडजोड केली आणि सगळे मिळून सुमारे २.२ कोटी डॉलर भरले. दाव्याच्या शीर्षकात प्रतिवादी म्हणून पहिलं नाव छापलं होतं ते विल्हेल्मिना मॉडेल एजन्सीचं. तिला जाऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती.